बगळ्याचं गाणं पालीहून निघालं

त्या माणसाला मी अजून माफ केलेलं नाही, हे आधीच सांगून टाकते. वय झालं की राग निवतो म्हणतात. माझा निवला नाही, आणि तो निवावा असं मला वाटतही नाही.

ऐंशीचं दशक संपत आलं होतं. गिरगावातली एक खोली सोडून आम्ही भाईंदर पूर्वेला जेसल पार्कमध्ये दोन खोल्यांचा ब्लॉक घेतला होता. यांची नोकरी फोर्टात, माझी शाळा उत्तनच्या बाजूला. सकाळी पूल ओलांडून पश्चिमेला उतरायचं आणि मुर्धा, राई, डोंगरी करत जाणारी बस पकडायची. गिरगावातल्या नातेवाइकांना वाटायचं, ही वनवासात गेली. तिथे गाण्याच्या बैठका, नाटकं, व्याख्यानं. इथे मिठागरं, टँकरचं पाणी आणि मच्छर. मलाही पहिली दोन वर्षं तसंच वाटत होतं.

शाळेत माझ्याबरोबर एक शिक्षिका होती, उत्तनजवळच्या पाली गावची. तिच्या लग्नाला तिने आग्रहाने आदल्या दिवशीच बोलावलं. संध्याकाळी बायका वाजतगाजत विहिरीवर निघाल्या. लग्नाआधी नवरीसाठी उंबराचं पाणी आणायची तिथे रीत आहे. मी आपली कडक इस्त्रीची साडी नेसून, पर्स काखेत दाबून मागे मागे चालत होते. पुढे एक चाळिशीची, सावळी, रुंद खांद्यांची बाई गात होती. आवाज जाड, थोडा फाटलेला. ती एक ओळ टाकायची, बाकीच्या झेलायच्या. आणि एकदम ती मागे वळली, माझ्याकडे बघितलं आणि गायली:

‘मास्तरीन आली गो, पर्स घेवन आली,
पर्सान हाय खडू, हसू घरा ठेवन आली.’

सगळी गल्ली हसली. दारात उभी असलेली पोरंही हसली, आणि त्यातली अर्धी माझ्या वर्गातली. माझे कान तापले. पण ती गातच राहिली. माझ्या चपला, माझी चाल, माझं नाक, सगळं तालात बसवून तिने पुढच्या ओळींत घातलं. विहिरीपाशी पोचेपर्यंत मी स्वतः हसत होते, आणि हसता हसता मनात येत होतं की ही बाई हे आत्ता, चालता चालता बनवतेय.

माझ्या मैत्रिणीला विचारलं तर ती म्हणाली, “तिचा काय, ती अशीच हाय. येडी. लग्नान बोलवतात हसवायला.”

गावाला ती एवढीच माहीत होती. हसवायला बोलवायची बाय. सगळे तिला बायच म्हणत, मीही तसंच म्हणू लागले. नवरा बोटीवर खलाशी, ती पहाटे मासळी घेऊन भाईंदरच्या बाजारात जायची. चर्चच्या सणाला कार्यक्रम व्हायचे तेव्हा स्टेजवर बाहेरून ऑर्केस्ट्रा यायचा. तिला कोणी स्टेजवर चढवलं नव्हतं.

पुढच्या शनिवारी शाळा सुटल्यावर मी आमचा टू-इन-वन टेपरेकॉर्डर पिशवीत घालून तिच्या घरी गेले. ती बोंबील वाळत घालत होती.

“बाय, मला तुमची गाणी भरून घ्यायचीत.”

“कनाला?”

“ऐकायला.”

“आयकायला कोन भरून घेतं? इथं ये नि आयक,” ती म्हणाली, आणि बांबूवर बोंबील अडकवता अडकवता गायला लागली. मी बटण दाबलं.

त्यानंतर कितीतरी शनिवार मी तिच्या स्वयंपाकघरात बसले. कॅसेटवर तिच्या आवाजाबरोबर स्टोव्हची भरभर आली, कोंबड्या आल्या, मागे समुद्र आला. मी शास्त्रीय गाणं थोडं शिकलेली, आणि कोळीगीत म्हणजे गॅदरिंगला मुलींनी टोपल्या घेऊन नाचायचं असतं एवढीच माझी समज. हिची गाणी तसली नव्हती. बर्फाच्या कारखान्यावर गाणं होतं. बाजारात घासाघीस करणाऱ्या गिऱ्हाइकावर होतं. सासरी आलेल्या नवरीला बोटीच्या डिझेलचा वास सोसत नाही, त्यावर होतं. सगळी तिचीच. चालीसकट.

आणि एक होतं तिच्या भावाचं. तो तिच्यापेक्षा धाकटा. वादळात बोट गेली, बाकीचे पोहून आले, तो आला नाही. ते गाणं ती काम करता करता गात नसे. हात धुऊन, पदराला पुसून, खाली बसून गायची.

‘भरती गेली, ओहट आली, दिवा कुनाला दावू रं,
भावा माजे, तुजे वाटंला डोले किती लावू रं.’

पहिल्यांदा ऐकलं त्या संध्याकाळी मी परतीच्या बसमध्ये खिडकीकडे तोंड करून बसले. घरी आल्यावर यांना कॅसेट लावून दिली. हे गाण्यातले नव्हेत, रेडिओ उघडून दुरुस्त करणारे. संपल्यावर हे इतकंच म्हणाले, “हे लोकांनी ऐकलं पाहिजे.”

माझ्याही डोक्यात तेच होतं.

आमच्याच सोसायटीत, दोन इमारती सोडून एक गृहस्थ राहायचे. कॅसेट काढायची त्यांची छोटी कंपनी होती, स्टेशनजवळ स्टुडिओ होता, सांस्कृतिक मंडळाचे ते अध्यक्ष. कायम पांढरा सफारी, पांढरे बूट, बोटात अंगठी. गाणं ऐकताना डोळे मिटून घ्यायचे आणि मान संथ हलवायचे, देवळात बसल्यासारखे. त्यांना कॅसेट ऐकवली. भावाचं गाणं संपलं तरी त्यांनी डोळे उघडले नाहीत. मग म्हणाले, “अमूल्य. मॅडम, हे अमूल्य आहे. तुम्ही त्यांना घेऊन या. आपण व्यवस्थित रेकॉर्ड करू.”

बाय नवी साडी नेसून, केसांत अबोली माळून आली. स्टुडिओच्या भिंतींना अंड्यांचे ट्रे चिकटवले होते. ते बघून ती म्हणाली, “एवडी अंडी खाल्ली कोनी?” सगळे हसले. दिवसभर ती गायली. एक गाणं संपलं की ते काचेपलीकडून हात जोडायचे. संध्याकाळी म्हणाले, “थोडं बॅलन्सिंग बाकी आहे. कळवतो.”

त्यांनी कळवलं नाही. रस्त्यात भेटले की म्हणायचे, “मार्केट थंड आहे मॅडम, जरा थांबा.” बाय बाजारात भेटली की काही विचारायची नाही. माझ्या पिशवीत दोन पापलेटं जास्त टाकायची.

गणपतीत आमच्या मांडवावर कर्णा लागला होता. मी पोळ्या लाटत होते. ढोलकी वाजली, सिंथेसायझर वाजला, मध्ये कोणीतरी शिट्टी मारली, आणि एक गोड, लाडिक, शहरी आवाज गाऊ लागला:

‘राया माझ्या, तुझ्या वाटेला डोळे किती लावू रे.’

लाटणं हातात घेऊनच मी गॅलरीत आले. खाली पोरं नाचत होती. चाल तीच. ओळी त्याच. फक्त भावाचा राया केला होता.

मी खाली जाऊन नाक्यावरच्या दुकानातून कॅसेट आणली. कव्हरवर एक गोरी मुलगी कंबरेवर टोपली घेऊन उभी. आतल्या कागदावर लिहिलं होतं: गीते पारंपरिक. संकलन आणि संगीत, म्हणून त्यांचं नाव. बायचं नाव कुठे नव्हतं. बर्फाचं गाणं होतं, नवरीचं होतं, सगळीच होती.

तशीच त्यांच्या घरी गेले. ते झोपाळ्यावर बसले होते.

“ही गाणी तिची आहेत,” मी म्हटलं. “तिने रचलीत. तुमच्यासमोर गायली.”

“बसा ना मॅडम. अहो, ही लोकगीतं. समुद्राला मालक असतो का?”

“ते भावाचं गाणं आहे. तिचा भाऊ बुडाला.”

“ते स्लो होतं. नाचायला काही नको का? आणि कोणाचं आहे म्हणता, तर तिचं नाव कुठे कोरलंय त्याच्यावर?” एवढं बोलून ते हसले. वाईट असं की ते प्रेमाने हसले, लहान मुलाला समजावतात तसे. “तुम्ही शिक्षक लोक फार सेन्टिमेंटल.”

त्या हसण्याला मी माफ केलेलं नाही. चोरी एकवेळ मी समजले असते.

आमच्या खालच्या मजल्यावर एक वकील होते. ते म्हणाले, कागद नाही, सही नाही, काही होणार नाही. दुसऱ्या दिवशी शाळेत न जाता मी थेट पालीला गेले. बायला कॅसेट ऐकवावी की नाही, यावर बसमध्ये भांडले मी स्वतःशी. ऐकवली. ती सुरमई कापत होती. भावाच्या गाण्याला सुरुवात झाली तशी तिची सुरी थांबली. सबंध गाणं ऐकून घेतलं तिने, शिट्टीसकट.

“माजे भावाला राया केलान,” ती म्हणाली.

मग परत सुरी चालू झाली. मी केसचं सांगत होते, पेपरात देऊ म्हणत होते. तिचं लक्ष नव्हतं. तुकडे धुऊन झाल्यावर तिने विचारलं, “तो मानूस चालतो कसा?”

“काय?”

“चालतो कसा? कपडे कसले घालतो? बोलताना त्वांड कसा करतो? मना त्या दिवशी काचंतून निसता पांडरा दिसत व्हता.”

मला कळलं. उंबराच्या पाण्याला माझ्या पर्सचं जे झालं होतं, ते आता त्यांचं होणार होतं. मी पदर खोचला आणि उभी राहून त्यांची चाल करून दाखवली. डोळे कसे मिटतात, मान कशी डोलते, ‘अमूल्य’ कसं म्हणतात, ‘नाव कुठे कोरलंय’ कसं म्हणतात. इतकं दुष्ट आणि इतकं मोकळं मी आयुष्यात हसले नव्हते. बाय हसत नव्हती. ती बोटांनी पाटावर ताल धरून बघत होती.

पुढच्या शनिवारी गाणं तयार होतं.

‘पांडरा बगला मिठागरान उबा,
डोले मिटले तरी न्हाय चोचीवर ताबा.
गिलली मासली माजी, वरून बोलतं कसा,
नाव तुजा कोरलंय काय, दाखव मना मासा.’

कडव्यामागून कडवी होती. बगळा अंगठी घालतो. बगळा दर्याला म्हणतो, तू पारंपरिक. बगळा मासा गिळून ढेकर देतो आणि ढेकरालाही ताल लागतो. चाल अशी की ऐकणाऱ्याचा पाय आपोआप हलावा. शेजारच्या बायका कोरसला बसल्या, कोणी पातेलं वाजवलं, कोणी चामडं लावलेलं मडक्याचं घुमट आणलं. एका बाजूला हे गाणं भरलं. दुसऱ्या बाजूला भावाचं खरं गाणं, तिच्या आवाजात, नुसत्या समुद्राबरोबर.

यांनी दोन टेपरेकॉर्डर वायरने जोडले आणि रोज ऑफिसातून आल्यावर कॅसेटी काढायला बसले. मी प्रत्येकीवर माझ्या फळ्यावरच्या अक्षरात लिहायचे: बायचं नाव, गाव पाली, हिनेच रचलेली आणि हिनेच गायलेली गाणी. बायचा भाचा भाईंदर पश्चिमेला रिक्षा चालवायचा. रिक्षात मागे मोठे स्पीकर, लाल दिवे. पहिली कॅसेट त्याला दिली. त्याने आणखी मागून घेतल्या आणि स्टँडवर वाटल्या.

त्या वर्षी भाईंदरमध्ये रिक्षात बसणं हा माझा छंद झाला. स्टेशनपासून उत्तन नाक्यापर्यंत, पुलापलीकडे पूर्वेलाही, बगळा वाजत होता. जौनपूरचा रिक्षावाला अर्थ न कळता गुणगुणायचा. मी विचारलं, “भैया, ये क्या गाना है?” तो म्हणाला, “पता नहीं मॅडम, कोई बगुला है, चोर है साला.” मला इतकं समाधान वाटलं की उतरताना सुटे परत घ्यायचे विसरले.

सोसायटीतल्या पोरांनी बगळा कोण ते ओळखायला वेळ लावला नाही. मी काही सांगितलं नाही, पण पोरांना डोळे असतात. ते गृहस्थ जिन्यातून उतरले की वरून कोणीतरी पहिली ओळ शीळ घालून वाजवायचं. सोसायटीच्या मीटिंगमध्ये ते बोलायला उभे राहिले, विचार करायला नेहमीसारखे डोळे मिटले, आणि मागच्या रांगेत हसू फुटलं. काही दिवसांनी ते तपकिरी सफारीत दिसले. मी गॅलरीतून बघितलं आणि यांना हाक मारून दाखवलं.

एका रविवारी ते आमच्या घरी आले. बसले नाहीत.

“मॅडम, हे बंद करा. मी केस करीन.”

“कशाची?”

“बदनामीची.”

“त्या गाण्यात तुमचं नाव कुठे कोरलंय?” मी विचारलं.

त्यांचा चेहरा पडला. हे आतून चहा घेऊन आले होते. मी म्हटलं, चहा नको, ते निघालेत. यांना ते आवडलं नाही. नंतर हे म्हणाले, “पाहुण्याला चहा तरी द्यायचा.” मी म्हटलं, पाहुणा असता तर दिला असता.

पुढच्या मे महिन्यात त्यांच्या मुलीचं लग्न झालं. वरात जेसल पार्कातूनच निघाली. बँड कुठला तरी वसईकडचा. पहिल्यांदा हिंदी गाणी झाली, आणि मग क्लॅरिनेटवाल्याने बगळ्याची चाल उचलली. मी सांगितलं नव्हतं. सांगायला सुचलं असतं तर सांगितलं असतं. त्या वर्षी प्रत्येक वरातीत ती वाजत होती, बँडवाल्याला बगळा कोण हे ठाऊक असायचं कारण नव्हतं. वऱ्हाड पिसाटल्यासारखं नाचायला लागलं. नवरदेवाच्या मित्रांनी सासऱ्यांना हाताला धरून मध्ये ओढलं. मुलगी हसत म्हणत होती, “पप्पा, या ना, एक राउंड.”

ते नाचले. फेट्यात, हात वर करून, स्वतःच्या टवाळीवर. मी गॅलरीच्या कठड्याला टेकून शेवटपर्यंत बघितलं. शेजारीण म्हणाली, बिचारे किती खूश आहेत. दया आली का, असं नंतर मला यांनी विचारलं. नाही आली. मला मांडवातली शिट्टी आठवत होती, भावाच्या गाण्यातली.

दरम्यान त्या कॅसेटींची दुसरी बाजूही लोक ऐकत होते. रिक्षावाले सांगायचे, मॅडम, बगळा संपल्यावर उलटी करून ते दर्याचं लावायला पॅसेंजरच सांगतात. मिरा रोडला सिल्व्हर पार्कजवळ एका मंडळाने बायला बोलावलं. हॉल नव्हता, दोन इमारतींमधल्या जागेत खुर्च्या टाकल्या होत्या. बाय आयुष्यात पहिल्यांदा स्टेजवर चढली. खालून पोरं ओरडायला लागली, बगळा, बगळा. तिने माइक हातात घेतला आणि म्हणाली, “बगला गेला उडून. आता बसा नि माजे भावाचा आयका.” पदराला हात पुसून ती उभ्यानेच ते गायली. पुढच्या रांगेतली एक गुजराती म्हातारी रडत होती, तिला मराठी येत नसावं.

मागच्या रांगेत ते कॅसेटवाले गृहस्थ होते. मी बघितलं. कार्यक्रम संपल्यावर ते बायपाशी गेले, मी मध्ये जायच्या आत. काहीतरी बराच वेळ बोलले. माझ्याकडे न बघता निघून गेले.

“काय म्हणाला?” मी विचारलं.

“कॅसेट काडू म्हनतो. माजे नावाची. फोटू पन माजा. गानी मी सांगन ती, जशी हायत तशी.”

“आणि तू काय म्हणालीस?”

“हो म्हटला.”

मला वाटलं मी नीट ऐकलं नाही. “बाय, त्या माणसाने तुझ्या भावाला राया केलं.”

“माजे ध्येनान हाय.”

“मग?”

“त्येची मशीन चांगली हाय. तुजे टेपान कोंबडी ओरडते.” मग माझा चेहरा बघून तिने माझा हात धरला. तिच्या तळव्याला खपल्या होत्या, सुरीच्या. “मास्तरीनबाय, तुजा राग तू ठेव. मी माजा गावून टाकला. मना माजा भाव सगल्यांना आयकवायचा हाय.”

मी महिनाभर पालीला गेले नाही. बाजारात ती जिथे बसायची त्या रांगेतूनही जायचं टाळलं. शेवटी माझ्याकडच्या मूळ कॅसेटी हव्यात म्हणून तिचा निरोप आला आणि मी गेले. तिने माझ्यासाठी वेगळं, कमी तिखट कालवण केलं होतं. आम्ही त्या माणसाचा विषय काढला नाही.

तिची कॅसेट निघाली. नाव ठळक, फोटो तिचा, साडी स्टुडिओत नेसली होती तीच. भावाचं गाणं पहिलं, ढोलकी नाही, शिट्टी नाही. चांगली केली होती, हे मला कबूल करावं लागतं, आणि कबूल करताना दात आवळावे लागतात. वसई, अर्नाळ्यापर्यंत ती विकली गेली. कॅसेटींचा जमाना संपेपर्यंत बाय लग्नाचे, सणांचे कार्यक्रम करत राहिली, आणि पालीच्या सणाला ऑर्केस्ट्राच्या आधी तिचं गाणं व्हायला लागलं.

ते गृहस्थ पुढे मुलीकडे पुण्याला राहायला गेले. जाण्याआधी सोसायटीच्या फाटकात एकदा समोर आले, म्हणाले, “मॅडम, झालं गेलं.” मी बाजूला सरकून त्यांना वाट दिली.

बायची ती कॅसेट माझ्या कपाटात आहे. कव्हरच्या खालच्या कोपऱ्यात त्यांच्या कंपनीचं नाव छापलंय. दुकानातून घरी आणली त्याच दिवशी मी शाळेचं काळं स्केचपेन घेऊन त्यावर रेघ मारली, खाली काही वाचता येणार नाही अशी जाड.